फाट्यावरचं तेल

निशा जीपखाली उताणी पडली होती आणि जीप तिच्या कपाळावर तेल गाळत होती. तेवढ्यात बाजूला दोन चकचकीत बूट येऊन थांबले. ते धर्मेंद्रचे, हे कळायला वर बघायची गरज नव्हती. खोडाळ्याच्या स्टँडावर भर मे महिन्यात बूट घालणारा ड्रायव्हर तो एकटाच.

"निशा, सोमवारपासून तेल गळणारी गाडी स्टँडावर लागणार नाय," तो म्हणाला. "नवा काँक्रीट खराब होतो. सगळ्यांनी ठरवलंय."

सगळ्यांनी म्हणजे त्यानेच. त्याची डिझेलवरची कोरी जीप होती आणि बाकीचे ड्रायव्हर त्याच्या हो ला हो करत. तेलाचं नुसतं निमित्त होतं. निशाच्या बापाला, जिव्याला, मोतीबिंदू झाला, लेकीने स्टिअरिंग हाती घेतलं आणि वाटेवरच्या बाया हिच्याच गाडीची वाट बघू लागल्या, हे धर्मेंद्रच्या डोळ्यांत खुपत होतं. त्याच्या गाडीत पुरुष बसून उरली तर बायांना जागा, आणि त्यांच्या फळांच्या पाट्या टपावर. निशाच्या गाडीत आधी बाया आणि पाट्या त्यांच्या पायाशी.

निशा सरपटत बाहेर आली. "आणि नाय गळली तर?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून गळते ती!" धर्मेंद्र खो खो हसला. "तिचे थेंब बघत बघत शेळीसुद्धा मोखाड्याला पोचंल."

"सोमवारी पयला नंबर माझा हाय. एक थेंब जरी पडला, तर गाडी मी सोता भंगारात घालीन."

बोलून गेली खरी. गाडी गेली की पुन्हा भिवंडीकडची वीटभट्टी. ते दिवस ती विसरली नव्हती.

तिने अंगणातच इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. लष्कराच्या लिलावातली ही पेट्रोल जीप जिव्याने उमेदीत घेतली होती. गळली की तो बोल्ट आणखी आवळायचा. आवळून आवळून चेंबरची कड भाकरीसारखी वाकडी झाली होती. निशाने ती आईच्या मसाला वाटायच्या पाट्यावर ठेवून हातोडीने सरळ केली. पाट्यावरून आईने दिवसभर तोंड सोडलं होतं, तेही ऐकून घेतलं. बुचाचं नवं पॅकिंग कापलं, बसवलं, गाडी चालू केली. चेंबर कोरडं राहिलं आणि तेल वरच्या झाकणातून आलं. ते बंद केलं, तर पुढून ठिबकायला लागलं.

ओट्यावर बसलेला जिव्या म्हणाला, "गळू दे गं. तेवढीच तिची वळख हाय."

"वळख नाय बा, लाज हाय ती!" निशा ओरडली. तिला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला.

रागारागात तिने चालू इंजिनाचं तेल घालायचं झाकण उघडलं. आतून फस्सकन वारा तोंडावर आला. म्हणजे आतली वाफ बाहेर पडायची वाटच बंद होती. तिने वाफेची नळी चाचपली. तोंडात गच्च बोळा. तारेने ओढून काढला, तर बापाच्या जुन्या सदऱ्याची बाही.

"धूळ जाती म्हणून मीच घातला व्हता," जिव्या खाली बघत म्हणाला.

वाफेला वाट नव्हती म्हणून इंजीन मिळेल त्या फटीतून तेल ढकलत होतं. निशाने नळी साफ केली, तोंडावर बारीक जाळी बांधली. जीप गळायची थांबली.

सोमवारी धर्मेंद्रने गळ्यातला पांढराशुभ्र टॉवेल काढून तिच्या इंजिनाखाली पसरला. सगळं स्टँड गोळा झालं. इंजीन बराच वेळ धडधडत राहिलं. टॉवेल जसाच्या तसा निघाला. धर्मेंद्रने तो उलटूनही पाहिला.

"ऱ्हाऊ दे गळ्यात, दादा," निशा म्हणाली. "घाम पुसायला लागंल."

त्याच्या नाकावर टिच्चून पहिली गाडी तिची सुटली. सूर्यमाळच्या फाट्यावर तिने नेहमीसारखी थांबून हॉर्न दिला. डोंगरावरून अजून कुणी उतरलं नव्हतं. ती वाकून बघून आली. रस्त्यावर एक थेंब नाही! स्वारी खुशीत मोखाड्याला गेली, माणसं उतरवली आणि परत फिरली.

फाट्याच्या अलीकडेच तिने गाडी थांबवली. पुढे धर्मेंद्रची जीप उभी होती, रिकामी. झाडाखाली करवंदांच्या आणि आंब्यांच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या आणि तो त्यांच्यापुढे हातवारे करत होता.

"गेली ती! माझ्या डोळ्यादेखत गेली! बसा आता!"

पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी सुकरी जागची हललीही नाही. तिने पायाच्या अंगठ्याने रस्त्यावरचा जुना काळा डाग दाखवला. त्यावर धूळ बसली होती.

"खोटा नको बोलू. निशाची गाडी गेली आसती तं वला तेल पडला आसता. जिव्याच्या येळेपासून आमी तेच बघतो. सुका हाय, मंजे गाडी यायची हाय."

निशाचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. बापाची 'वळख' तिला आत्ता कळली आणि डोळे भरून आले.

"ती बघ, आलीच!" सुकरी उठली. गाडी उलट बाजूने आली, याचं एकीलाही काही वाटलं नाही. बायांनी पाट्या उचलल्या.

धर्मेंद्र टॉवेलने घाम पुसत धावत आला. "निशा, पाया पडतो तुझ्या. फाट्यावर दोन थेंब तरी सांडत जा!"

"एक बी नाय," निशा म्हणाली, आणि तिने बायांसाठी मागचं फळकं पाडलं.