दोन वाट्यांचा गडी

"यंदाबी न्हाई," कोंडूआबा म्हणाला आणि डोहाकाठच्या दगडाला पाठ टेकून बसला.

गोरखनं पुढं केलेली छिन्नी तशीच हातात राहिली. सात वर्षं हेच चाललं होतं. लोणावळ्याजवळच्या औंढ्याची चैत्रातली जत्रा, डोहात बुडी मारून दम धरायची स्पर्धा, आणि पहिला नंबर गोरखचा. पण दगडावर कोरलेलं नाव कोंडूचं ते कोंडूचंच. रीतच तशी होती. ज्याचं नाव, त्यानं आपल्या हातानं त्यावर पहिला घाव घालायचा, मगच दुसऱ्याचं कोरायचं. आणि हा म्हातारा इतका हटवादी की काही केल्या हलत नव्हता.

दम मोजायचा तो वाटीवर. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी, आतून पाव, अर्धी, पाऊण अशा रेघा. गडी बुडाला की ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक वाटी झाली, लगेच रिकामी करून परत सोडायची. तळाच्या कपारीत जागा एकाच माणसाची, म्हणून एकेकानं उतरायचं. ज्या साली ही वाटी देवळात आली त्या साली, म्हणजे एकोणीस वर्षांमागं, कोंडूनं एक वाटी पुरी भरली होती. त्याच दिवशी गोरखचा बाप शिदू अर्ध्या वाटीला वर आला.

झालं. गावानं शिदूचं नाव 'अर्धी वाटी' ठेवलं आणि मरेपर्यंत ते काही त्याला सुटलं नाही. पंगतीत वाढपी विचारायचे, "शिदू, आमटी अर्धीच वाटी ना?" बाप हसायचा. ते हसणं गोरखच्या काळजात कायमचं रुतून बसलं. गोरखचं लोणावळ्याच्या लोको शेडात इंजिनं पुसायचं खलाशाचं काम, पण घरी येताना चढावर तो दम कोंडून चालायचा. विडीला कधी शिवला नाही. पहिल्याच खेपेला त्यानं सव्वा वाटी भरली आणि गेल्या साली दोन, यंदाही दोन.

बाकीचे गडीही काही कमी नव्हते. पूर्वी भलेभले पाव वाटीला गटांगळ्या खात वर यायचे. आता मिसरूड न फुटलेलेसुद्धा पाऊण वाटी सहज काढायचे.

"आताची पोरं पोटभर खात्यात," भागूबाई म्हणायची. ती भिकाजी गुरवाची बायको, वाटी तिच्याच ताब्यात. मोठी इमानी बाई. दर जत्रेला राख-चिंचेनं घासून वाटी लखलखीत करायची, आणि भोकात घाण अडकून कुणावर अन्याय नको म्हणून दाभण फिरवून ते साफ करायची.

"आबा, माणूस चंद्रावर उतरायला निघालाय," गोरख म्हणाला, "आन तुमी एका वाटीवर अडून बसलाय. माज्या दोन झाल्या. एकाहून दोन जास्ती, का न्हाई?"

"जास्तीच की."

"मग?"

"तुजा बाप चांगला बुडायचा," कोंडूआबा म्हणाला.

गोरखचं डोकंच फिरलं. एवढ्या लोकांत, मेलेल्या माणसाची टिंगल.

"बापाचं नाव काढू नका. त्याच्यासाटीच पायजे मला हा दगड. नुसतं गोरख न्हाई, 'गोरख शिदू' कोरायचंय. मग बघतो कोण अर्धी वाटी म्हनतंय त्ये."

म्हातारा उठला. मग त्यानं गर्दीतून बद्रुद्दीनला पुढं बोलावलं. बद्रुद्दीन लोणावळा बाजारातला कल्हईवाला. वाटी त्यानंच घडवलेली. त्यानं फडक्यातून तशीच दुसरी वाटी काढली.

"तेव्हा दोन बनवल्या होत्या," तो म्हणाला. "एकच पत्रा, भोक पाडायला सुईसुद्धा एकच. एक देवळात दिली, एक पेटीत राहिली. पाण्याला लागलीच नाही कधी."

"हिच्यात एक भर," कोंडूआबा म्हणाला. "भरलीस की पयला घाव मी घालतो."

"काहीतरी काळंबेरं हाय रे, गोरख," मागून कुणीतरी बोललं.

गोरखनं दोन्ही वाट्या दोन तळव्यांवर तोलल्या. वजन तेच, काठ तोच, रेघाही त्याच. त्याला हसू आलं.

"एक कशाला? दोन भरतो. छिन्नीला धार लावून ठेवा, आबा."

आणि त्यानं डोहात सूर मारला.

तळाचं पाणी बर्फासारखं अंगाला लागलं. त्यानं कपार धरली आणि डोळे मिटले. नेहमीच्या जागी छाती धडका द्यायला लागली, तसा तो मनात म्हणाला, आणखी. पोटात पीळ पडला. आणखी. पंगत आठवली, हसणारा बाप आठवला, आणि त्यानं दातओठ खाऊन कपार आणखी घट्ट धरली. कान फुटायला आले. इतका वेळ तो जन्मात कधी खाली राहिला नव्हता. शेवटी बोटं आपोआप सुटली.

वर आला तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. खडकाला धरून त्यानं कसाबसा श्वास घेतला आणि ओरडला, "किती? तीन झाल्या का?"

कोंडूआबा उभा होता, डोक्यावरचं पागोटं काढून. भागूबाईनं तोंडाला पदर लावला होता.

गोरख निथळत घंगाळापाशी गेला. भिकाजीनं दाभण कधीच न फिरलेल्या, सुईएवढ्या भोकावर बोट दाबून वाटी त्याच्यापुढं धरली. पाणी अर्ध्याच्या रेघेखाली बोटभर होतं.