भुऱ्याचं घुंगरू

गवत कापायला निघताना नवशी न चुकता भुऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधायची. त्या आवाजाने जनावर वाट सोडतं, असं सायवनात म्हणतात. सापाचं नाव माळावर कोणी घेत नाही.

त्या दुपारी घुंगरू लांब गवतात जाऊन थबकलं. नवशीने विळा थांबवून हाक मारली.

“भुऱ्या! ये रे!”

घुंगरू पुन्हा वाजलं, तिच्याकडे येऊ लागलं. तिचा जीव भांड्यात पडला.

मागून तिचा नवरा लहान्या ओरडला, “कोणाला बोलावतेस? भुऱ्या तर माझ्यापाशी हाय. लटलटा कापतोय बघ. गळ्यात घुंगरू हलतंय, पन वाजत नाय.”

नवशी जागीच खिळली. वारा पडला होता. समोर गवताची काडी हलत नव्हती.

आवाज मात्र, हाकेला आलेल्या कुत्र्यासारखा, तिच्या पायाशी येऊन बसला.