आमचा विषय नाही

‘आमचा विषय नाही’ असा शिक्का तिसऱ्यांदा खाऊन शोधपत्र प्रमुखबाईंच्या टेबलावर परत आलं, तेव्हा ते लिहिणारी बाई समोरच्याच खुर्चीत बसली होती.

गणिताच्या टेबलाने ते अभियांत्रिकीकडे ढकललं होतं, अभियांत्रिकीने भूविज्ञानाकडे, आणि भूविज्ञानाने शिक्का मारून थेट प्रमुखबाईंच्या गळ्यात घातलं होतं. प्रमुखबाईंना नवल वाटलं नाही. शोधपत्रांची विषयवार नोंद ठेवणाऱ्या या सूची कार्यालयाचा नियमच तसा होता. जे टेबल शोधपत्र आपलं म्हणेल, त्यानेच त्याचा पाच ओळींचा सारांश लिहायचा. म्हणजे आधी ते वाचायचं. नियम करणाऱ्याला वाटलं होतं, कामाला शिस्त येईल. शिस्त आली, पण टोलवाटोलवीला.

“उद्या मुलाखत आहे,” बाई म्हणाली. “भूविज्ञान विभागात, कायमची जागा. सूचीत नोंद नसलेलं काम ते धरत नाहीत. आणि माझं काम म्हणजे हे एवढंच.”

“आतापर्यंत कुठे होतात?”

“हंगामी शिकवत होते. गणितवाले म्हणायचे, ही चिखलातली. भूविज्ञानवाले म्हणायचे, ही आकडेमोडीतली. पगार दुसऱ्याने द्यावा, यावर मात्र दोघांचं एकमत.”

प्रमुखबाईंनी आयुष्यभर कागदांइतकीच माणसंही लावून ठेवली होती. रडत येणाऱ्यांना त्या सहज वाटेला लावत. हसून सांगणाऱ्यांपुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी दारातून आवाज दिला, “या सगळे. चहा आलाय.”

कामासाठी बोलावलं असतं तर तिघांनाही कामं निघाली असती. चहाला अभियांत्रिकीवाला बाह्या सरसावत आला, भूविज्ञानवाली चष्मा कपाळावर सारून आली. गणिताच्या टेबलावरचे काका सगळ्यांच्या मागून आले आणि आपण पाहुण्यासारखे आहोत असा चेहरा करून दारापाशीच उभे राहिले.

“सांगा यांना,” प्रमुखबाई म्हणाल्या. “सोपं करून सांगा. शिकलेली माणसं आहेत.”

बाईने इकडेतिकडे पाहिलं. ट्रेमधली साखर तिने एका रिकाम्या फाइलच्या पुठ्ठ्यावर ओतली आणि पुठ्ठा हळूहळू तिरका करू लागली.

“हा डोंगर. पावसाने जड झालेला. आता बघा.”

दोन-चार दाणे सुटून घरंगळले. मग आणखी काही. मग क्षणभर काहीच नाही, आणि एकदम सगळा ढीग सरकून टेबलावर आला.

“डोंगर असा न सांगता खाली येत नाही. आधी सुटे दाणे सोडतो. ते कसे वाढत जातात हे मांडलं, तर खालच्या माणसांना घरातून बाहेर पडायला वेळ मिळतो. एवढंच लिहिलंय मी.”

भूविज्ञानवालीने साखरेत बोट फिरवलं. “चिकणमाती असेल तर अशी नाही सरकणार.”

“नाही सरकत. त्याचं वेगळं प्रकरण केलंय.”

“आणि दाणे मोजायचे कशाने?” अभियांत्रिकीवाल्याने विचारलं.

“यंत्र केलंय. घरचं धुलाईयंत्र मोडून.”

“मग कपडे?”

“नवरा हाताने धुतो. त्याचं नाव ऋणनिर्देशात घातलंय.”

अभियांत्रिकीवाला हसला आणि खुर्ची ओढून बसला. “हे आमच्याकडे द्या. यंत्र आहे म्हटल्यावर आमचंच.”

“वा,” भूविज्ञानवाली म्हणाली. “डोंगर काय तुम्ही बनवलात? माझ्याकडे द्या.”

“सकाळी तुमचाच शिक्का बसला ना त्याच्यावर?”

“सकाळी मला कुठे कुणी सांगितलं असं?”

ज्याला कुणी हात लावत नव्हतं त्यावर आता ओढाताण सुरू झालेली पाहून प्रमुखबाईंना बरं वाटलं, पण घड्याळही दिसत होतं. “नोंद भूविज्ञानात,” त्या म्हणाल्या. “पोटापाण्याची गोष्ट तिथे आहे. कार्यालय बंद व्हायच्या आत सारांश हवा. आणि शोधपत्र कुठे गेलं?”

ते गणिताच्या काकांकडे होतं. वादावादी चालू असताना त्यांनी कपाऐवजी तेच उचललं होतं आणि आपल्या टेबलावर जाऊन बसले होते.

“तुम्ही इकडे या,” त्यांनी मान वर न करता बाईला बोलावलं. “हे समीकरण इथेच का सोडलंत? पुढे जातंय की.”

बाई त्यांच्या टेबलापाशी गेली. “पुढे मला सुटलं नाही.”

“कुणाला विचारायचं.”

“विचारलं होतं. म्हणाले, ही माती आमच्याकडे आणू नका.” तिने शिक्क्यांकडे बोट केलं. “पहिला शिक्का तुमचाच आहे, काका.”

“तेव्हा नुसतं शीर्षक वाचलं होतं. त्यात डोंगर होता.” काकांनी शेजारच्या खुर्चीवरचे कागद उचलून जमिनीवर ठेवले. “बसा. हे पद दुसऱ्या बाजूला नेलंत तर काय होतं?”

बाई बसली.

भूविज्ञानवालीने बाईच्या तोंडून ऐकलेलंच पाच ओळींत बसवलं. अडलं तेव्हा काकांच्या हातातलं पान ओढून घेऊन पाहिलं आणि परत दिलं. अभियांत्रिकीवाल्याने न सांगता एक ओळ दुरुस्त केली. संगणकाने बराच वेळ विचार करून क्रमांक दिला. प्रमुखबाईंनी तो चिठ्ठीवर उतरवला, शिक्का मारला, आणि जिच्यासाठी ही बाई सकाळपासून बसून होती ती चिठ्ठी स्वतः घेऊन काकांच्या टेबलाशी आल्या.

“झाली नोंद. हा घ्या क्रमांक. सुटलात.”

पेन्सिल आता बाईच्या हातात होती. काका तिच्या हाताकडे बघत होते. तिने एक पद खोडलं, खाली नवीन ओळ धरली.

“हो, हो,” ती वर न बघता म्हणाली. “ठेवा ना तिकडेच कुठेतरी.”