शुक्रवारचा शब्द

ग्लासगोच्या त्या घरात दर शुक्रवारी संध्याकाळी कॅट्रिओना खिडकीशी उभी राही. बाप पबमधून येताना दिसला की आईला, मोरागला, एकच शब्द सांगे. ‘टिप्सी’ म्हणजे बाबा गाणी म्हणत येतोय, चहा टाकायचा. ‘स्टीमिंग’ म्हणजे बशा फुटणार, वर जाऊन कडी लावायची. ‘लेगलेस’ म्हणजे दोघं जण त्याला उचलून आणून टाकणार, मग सगळ्यांनाच शांत झोप.

या शुक्रवारी बॅगा भरून तयार होत्या. तो लेगलेस होऊन पडला की मायलेकी निघणार होत्या.

“आला गं!” कॅट्रिओनाचा आवाज चिरकला.

“शब्द सांग.”

“शब्दच नाही, आई. सरळ चालतोय. आज एक थेंबही घेतलेला दिसत नाही. बॅगा लपवू का?”

मोरागने कोट चढवला, बॅगा उचलल्या आणि पुढचं दार सताड उघडलं.

“नको. सोडून जातेय म्हणून कितीदा सांगितलं त्याला. दर वेळी सकाळी विसरला. आज लक्षात राहील.”