खबर कुणी दिली?

यात्रेत दुसऱ्या पंथाच्या नऊ भाविकांना गोळ्या घालणाऱ्या तिघांना पोलीस चार महिने शोधत होते. एका दुपारी त्यांच्या म्होरक्याची आई, अनसूयाबाई, ठाण्यात आली.

“दिनकर घाटातल्या चुनाभट्टीत लपलाय,” तिनं इन्स्पेक्टर गावितांना सांगितलं.

“तुमचं नाव कुठं येणार नाही, मावशी.”

“येऊ द्या. आईनंच खबर दिली, असं सांगा त्याला. नाहीतर शेजाऱ्यांवर संशय घेईल, अजून कुणाचा जीव जाईल.”

संध्याकाळी दिनकर सापडला. “फितुरी कुणी केली? घर जाळीन त्याचं!” तो ओरडला.

गावितांनी सांगितलं. पोलीस व्हॅन घाट उतरल्यावर दिनकरनं पुढं बसलेल्या गावितांना हाक मारली.

“आईच्या घरी पहारा बसवा,” तो म्हणाला. “बाकीचे दोघं तिला सोडणार नाहीत.”

आणि ते दोघं कुठं आहेत, तेही त्यानं सांगितलं.