खोलीचं माप

वर्षाली आकुर्डीत जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवून द्यायची. सुजितने वडिलांचे जुने स्पीकर तिच्यासमोर ठेवले.

"खोली केवढी आहे?"

"दहा बाय दहा."

"मग आठ वॅट पुष्कळ झाले. हे स्पीकर कमी ताकदीवरही मोठे वाजतात."

"चाळीसचा द्या, ताई."

"अहो दादा, एवढ्याशा खोलीत कानठळ्या बसतील."

"बसू देत. आई शेजारच्या खोलीत पडून आहे, भावाकडे. तो मला दार उघडत नाही. हाक मारली तर अंगावर येतो. बाबांनी गायलेली भीमगीतं मोठ्यानं लावली, तर तिला कळेल तरी, मी इथंच आहे."

वर्षालीने लिहिलेला आठचा आकडा खोडला.

"मधली भिंत चार इंची आहे की नऊ?"