जळगावच्या पाच जणी

“तुमचं नाव सुनंदाबाई. आणि तुम्हाला माधव अजिबात आवडत नाही,” कुंदाबाईंनी चौथ्यांदा बजावलं.

“पन माले तं तो चांगला वाटस,” शेजारच्या बेबाबाई म्हणाल्या. “गरीब गाय शे बिचारा.”

“तुम्हाला वाटतो. सुनंदाबाईंना वाटत नाही.”

बेबाबाईंनी मान डोलावली आणि पुन्हा वांगी भाजायला लागल्या. त्यांना यातलं भरीत तेवढं कळलं होतं.

झालं होतं असं. आदल्या वर्षी रेडिओवर तेरा भागांची एक श्रुतिका लागली. शेवटच्या भागात माधव वसंतीला सोडून आगगाडीत बसला आणि खानदेशातल्या निम्म्या बायकांच्या पोळ्या करपल्या. कुंदाबाईंनी तावातावानं रेडिओला कार्ड लिहिलं. आता रेडिओला एका नावानं कार्ड कोण टाकतं? फर्माईश असो की तक्रार, खाली नावांची माळ असली तरच ते वाचतात, असा सगळ्यांचाच पक्का समज. कुंदाबाईंनी आपल्या नावाखाली सुचतील ती चार नावं लिहिली आणि वर ‘महिला श्रोता मंडळ’ असं ठोकून दिलं.

कार्ड वाचलं गेलं. पाठोपाठ धुळ्याच्या एका मंडळाचंही वाचलं गेलं. ताईबाई, शेवंताबाई आणि आणखी तिघी, राहणार देवपूर, भाईदास जीपवाल्याच्या घराजवळ. त्यांचंही म्हणणं तेच, की माधवला परत आणा.

रेडिओनं काही आणलं नाही. मग कुंदाबाईंनीच आणलं. दोनशे पानी वहीत त्यांनी माधव-वसंतीची पुढची गोष्ट लिहिली आणि वही टपालानं धुळ्याला धाडली. तीन आठवड्यांनी ती परत आली. आत पाच जणींचे अभिप्राय, आणि वर धुळ्याकडून पुढचं प्रकरण!

तेव्हापासून वही जायची आणि यायची. एक प्रकरण जळगावचं, एक धुळ्याचं. धुळ्याच्या बाया भारी हौशी, प्रत्येकीची शाई वेगळी. ताईबाईंनी हिरव्या शाईत एकदा लिहिलं होतं, ‘वसंतीनं दार उघडलं आणि इकडे माझी डाळ उतू गेली.’ कुंदाबाईंनी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की ते पान मऊ पडलं. स्वतःकडचे पाच अभिप्राय मात्र त्या एकट्याच लिहीत. एक उभ्या अक्षरात, एक तिरप्या, आणि सुनंदाबाईंचं खडूस मत डाव्या हातानं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि परवा कार्ड आलं. ‘रविवारी आम्ही पाचही जणी भेटायला येत आहोत. भाईदासची जीप ठरवली आहे.’

कुंदाबाईंनी कार्ड दोनदा वाचलं. साड्यांना फॉल लावून पोट भरणारी एकटी बाई, घरात बोलणारा काय तो रेडिओच. खोटं उघडं पडलं तर वही बंद, आणि वही बंद पडली तर आपलं लिहिलेलं वाचणारं जगात कोणी उरणार नाही. ही कल्पनाच त्यांना सोसवेना. भरीत-पुरीच्या बोलीवर त्यांनी गल्लीतल्या चार जणी गोळा केल्या आणि दोन दिवस त्यांची शिकवणी घेतली.

अकराच्या सुमाराला जीप आली. पाच बाया पदर सावरत उतरल्या. मागून मफलर गुंडाळलेला चाळिशीचा भाईदास फरसाणाचा पुडा घेऊन आला.

“भाऊ, तुम्ही ओट्यावर बसा. चहा पाठवते,” कुंदाबाई म्हणाल्या. भाईदास खिडकीलगत टेकला.

आत पाच जणी इकडच्या भिंतीला, पाच तिकडच्या. वही मधोमध पाटावर. तिला कोणी हात लावीना. गोष्टी निघाल्या त्या वांग्यांच्या, कपाशीच्या भावाच्या, खड्ड्यांच्या. कुंदाबाईंना हायसं वाटलं. पाहुण्यांनी वहीचा विषय न काढलेला बरा, खोट्याच्या कपाळी गोटा.

पण खड्ड्यांच्या गोष्टीही संपत आल्या आणि बेबाबाईंना दम निघेना.

“माले माधव अजिबात आवडत नही!” त्या एकदम ओरडल्या.

“कोन माधव?” शेवंताबाईंनी विचारलं.

बाहेर ओट्यावर भाईदासला चहाचा ठसका लागला. कुंदाबाई मात्र खळखळून हसल्या. शेवंताबाई वहीतसुद्धा असल्याच मिस्कील होत्या. त्यांच्या हसण्यानं सगळ्याच हसायला लागल्या, पुऱ्या वाढल्या गेल्या, भरिताच्या दोन पातेल्या रिकाम्या झाल्या, आणि बेबाबाई तर पाहुण्यांतल्या एकीच्या नात्यातल्या निघाल्या. कुंदाबाईंना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. आपली माणसं आपल्या घरात बसून आपल्या हातचं जेवत होती.

त्या भरात त्यांची भीती पळाली. महिनाभर जिभेवर असलेला प्रश्न त्यांनी विचारलाच.

“ताईबाई, तुमच्या शेवटच्या प्रकरणात माधव परत येतो. पार वसंतीच्या दारापर्यंत येतो. मग कडी न वाजवता बाहेर का बसून राहतो हो? मी किती विचार केला, मला काही उलगडलं नाही.”

ताईबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी शेवंताबाईंकडे पाहिलं. शेवंताबाईंनी ताटात पाहिलं. मग ताईबाई खिडकीकडे वळून काकुळतीला येऊन म्हणाल्या,

“भाईदास भाऊ, हाई ते तुम्हीन आमले शिकाडंच नही!”